गावात एशियन गेम्स सगळ्यांनी मिळून बघायचे असतील तर काय काय करावं लागतं

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे अन पाण्याचे खड्डे ओलांडत पळायची शर्यत) पळत होता अन आम्ही पंधरा-वीस जण फाट्यावरच्या हॉटेलात एकाच मोबाईलवर डोकी घालून बघायलो होतो. शेवटच्या शंभर मीटरला सगळे उभे राहिले. अविनाश ८:११.२० ला आला, केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ ला, म्हणजे फरक ०.०५ सेकंदाचा, पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही मेडलं दरवेळी केनियाचीच पोरं घेऊन जायची, त्यात बीड जिल्ह्यातलं पोरगं घुसलं. पोरं नाचायली, अन कोपऱ्यात बसलेले एक म्हातारबाबा म्हणले, "त्यो पुढचा कुणाचा लेक?"

कुणालाच सांगता आलं नाही. केनियाचा आहे एवढंच.

आमच्याकडं नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न हाच असतो, कुण्या गावचा, कुणाचा. ओळख तिथून सुरू होते, मग चहा होतो, मग कुठंतरी पाहुणेपण निघतंच. टीव्हीवर मात्र इतक्या देशांची लेकरं दिसतात अन आपण त्यातल्या एकालाही हे विचारत नाही. खेळामुळं देश जवळ येतात असं सगळे म्हणतात, पण ते नुसती मॅच लावून होत नाही, समोरच्याचं नाव-गाव विचारलं की होतं, असं माझं पक्कं मत झालंय. मी जिल्हा परिषद शाळेवर मास्तर आहे. २०२३ चे हांगझोऊचे एशियन गेम्स अन २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक आम्ही गावात मिळून बघितलं, बरंच चुकलं, बरंच जमलं. २०२६ चे एशियन गेम्स १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर जपानला आयची-नागोयात आहेत, तुमच्या गावात करायचं असेल तर हे सगळं उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहायलोय.

आधी दिवस ठरवा. सगळे पंधरा-सोळा दिवस बघायच्या नादाला लागू नका, कुणी येत नाही, तीन दिवस धरा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, म्हणजे तिथं संध्याकाळी ७ ची फायनल आपल्याकडं दुपारी साडेतीनला, अन ते दिवस सोयाबीन काढणीचे, माणसं रानात. त्यामुळं रविवार बघा, २० अन २७ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर, शिवाय २ ऑक्टोबरची सुट्टी आहे. वेळापत्रक आलं की त्यातले आपल्या कामाचे खेळ शोधा: धावणं, कुस्ती, कबड्डी, हॉकी, नेमबाजी, तिरंदाजी. पुढच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला (१४ ते ३० जुलै २०२८) उलटं होणार, ते आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं, तिथली संध्याकाळची ७ ची फायनल आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, डेअरीला दूध घालून आलेली माणसं आरामात बसू शकतात. पॅरिसला आम्ही रात्री १ ला जागलो होतो, त्याचं पुढं सांगतो.

गावाला सांगायचा सगळ्यात चांगला दिवस १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळं गाव शाळेवर असतं, सरपंचापासून अंगणवाडीच्या ताईंपर्यंत. तिथंच माईकवर सांगा, अन तिथंच चिठ्ठ्या काढा (चिठ्ठ्यांचं खाली आहे, तेच मुख्य आहे).

आता जागा, अन याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमची पहिली चूक इथंच झाली. २०२३ ला आम्ही मारुतीच्या पारावर पडदा लावला. पार म्हणजे गावाचा मध्य, सगळ्यांना सोयीचा, असं आम्हाला वाटलं. आले कोण? नेहमी पारावर बसतात तेच. बायका एक नाही. वस्तीवरची माणसं रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघून गेली, मोहल्ल्यातली दोन-चार पोरं तेवढी आली. जगातल्या देशांना एकत्र बघायला निघालो अन आपलंच अर्धं गाव बाहेर राहिलं, हे मला लई लागलं. दुसऱ्या वर्षी शाळेच्या मैदानात लावलं. शाळा कुणा एकाची नसते, प्रत्येक घरातलं लेकरू तिथं येतं, म्हणून त्याच्यामागं आई येते, आजी येते. कुणाच्या वाड्यासमोर, कुण्या पक्षाच्या ऑफिसासमोर लावू नका. गणपती १४ ते २५ सप्टेंबर असल्यानं मंडळाचा मंडप अन साऊंड हाताशी असेल, ते सामान मागून घ्या, पण पडदा शाळेतच लावा. पुढं सतरंज्या लेकरांसाठी, एका बाजूची अर्धी जागा बायकांसाठी आधीच धरून ठेवा, नाहीतर पोरं पसरून बसतात अन बायका आल्या तरी उभं राहून परत जातात. बचत गटाच्या बैठकीत जाऊन स्वतः सांगा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बायका येत नाहीत.

सामान फार लागत नाही. प्रोजेक्टर एखाद्या शाळेत असतो, नसला तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडं भाड्यानं मिळतो. दुपारी उजेडात पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावा नाहीतर सरळ मोठा टीव्ही आणा. रात्री असेल तर मंडपवाल्याचं पांढरं कापड ताणून बांधा, वाऱ्यानं हललं की डोळे दुखतात. लाईट जाणारच, हे धरूनच चला: इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, प्रोजेक्टर अन साऊंड दोन्ही असतील तर जनरेटर सांगून ठेवा अन डिझेल आदल्या दिवशीच आणा. नेटवर भरवसा ठेवायचा असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम दोन मोबाईलमध्ये ठेवा. शक्य असेल तिथं डीडी स्पोर्ट्सच घ्या, फ्री डिशवर फुकट दिसतं, अन अजून एक कारण आहे. अॅपवर चित्र डिशपेक्षा उशिरा येतं. हांगझोऊच्या वेळी आमचा पडदा अॅपवर चालू, अन मागं एकाच्या घरातून डिशवरचा आरडाओरडा आधीच ऐकू आला, पडद्यावर अजून एक वळण बाकी अन गावाला निकाल कळलेला! मजा गेली सगळी. तेव्हापासून नियम: मोबाईल खिशात, शेजारच्या घरातले टीव्ही बंद, त्या घरातली माणसंही इथंच आणून बसवायची. तिकीट, वर्गणी काही लावू नका, फुकटच ठेवा. खायला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती) अन चहा पुरे, सुशीला घरोघरून एकेक पातेलं आलं तर शंभर माणसांचं भागतं.

आता चिठ्ठ्या. एका डब्यात देशांची नावं टाकायची अन प्रत्येक लेकरानं एक चिठ्ठी उचलायची. भारत डब्यात टाकायचाच नाही, तो सगळ्यांचाच आहे. जो देश निघाला तो त्या लेकराचा, स्पर्धा संपेपर्यंत त्या देशाचा माणूस मैदानात आला की उभं राहून त्याची ओळख त्या लेकरानं द्यायची. एक वही करायची. त्यात नकाशा, झेंडा, तिथं काय पिकतं, काय खातात, नमस्कार कसा करतात अन एका तरी खेळाडूचं नाव अन गाव. चिठ्ठी बदलून मिळणार नाही हे आधीच सांगा, सगळ्यांना जपान अन चीन पाहिजे असतं, मेडलं जास्त म्हणून.

काय पिकतं हे विचारायचं कारण, गावातली माणसं देशाला पिकावरून लगेच ओळखतात. एका पोरीला उझबेकिस्तान निघाला, रडायला लागली, हे काय नाव म्हणून. मग तिला कळलं की तिथं मुख्य पीक कापूस, अन तिथले कुस्तीवाले अन बॉक्सर लई जबर. तिच्या आजीनं विचारलं, "तिकडं बी बोंडअळी पडती का?" पॅरिसला एकाला सुदान निघाला. सुदानमध्ये ज्वारी खातात, तिचं पीठ आंबवून पातळ भाकरीसारखं करतात त्याला किसरा म्हणतात, अन ज्वारी मुळात त्याच भागातली, आफ्रिकेच्या ईशान्येकडची, हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडं आलेली. हे मी माईकवर सांगितलं तेव्हा मैदानात एकदम शांतता झाली. जोंधळा पाहुणा आहे हे कुणाला माहीत होतं! आमच्या पिढ्या ज्याच्यावर वाढल्या ते धान्य तिकडच्या माणसांनी आधी पेरलं. त्या दिवसापासून सुदानचं कुणी आलं की लोक टाळ्या वाजवायचे, मेडल असो की नसो.

ऑलिंपिकच्या वेळी एक चिठ्ठी आठवणीनं टाका: निर्वासितांचा संघ. लढाई, दंगली, छळ यामुळं देश सोडावा लागलेले खेळाडू ऑलिंपिकच्या झेंड्याखाली खेळतात. २०१६ ला रिओत पहिल्यांदा १० जण होते, पॅरिसला ३७, अन तिथं कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या सिंडी न्गांबानं बॉक्सिंगमध्ये ब्राँझ घेऊन या संघाचं पहिलं मेडल आणलं. ज्याला ही चिठ्ठी निघाली ते पोरगं ऊसतोड करणाऱ्या घरातलं. म्हणलं, "सर, ह्यांचं गाव कोणतं लिहू?" मी म्हणलो, दोन्ही लिही, सोडलं ते अन राहतात ते. त्यानं वहीत शेवटच्या पानावर स्वतःचीही दोन गावं लिहिली, आपलं एक अन कारखान्याचं एक.

माईक कुणाच्या हातात द्यायचा हे नीट ठरवा. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याला देऊ नका. माईकवाल्याला दोनच नियम: भारताच्या खेळाडूइतकंच समोरच्याचं नाव घ्यायचं, अन शिवी किंवा टोमणा कुणी मारला तर खेळ थांबवायचा. आवाज बंद केला की माणसं आपोआप गप होतात, दोनदा करावं लागलं, तिसऱ्यांदा लागलं नाही. खेळ चालू नसतो त्या वेळात माईकवाल्यानं गोष्टी सांगायच्या, त्यासाठी चार-पाच पाठ पाहिजेत. मी सांगतो त्या अशा.

पहिली नागोयाचीच, यंदा तर सांगितलीच पाहिजे. १९७१ ला नागोयात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा होती. अमेरिका अन चीन यांचं तेव्हा वीस वर्षांपेक्षा जास्त काळ बोलणं बंद. अमेरिकेच्या ग्लेन कोवनची बस चुकली अन तो चिनी संघाच्या बसमध्ये चढला. सगळे गप. मग चीनचा जगज्जेता च्वांग चतुंग उठून त्याच्याजवळ गेला, हात मिळवला अन त्याला डोंगराचं चित्र असलेलं रेशमी कापड भेट दिलं. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेचा संघ चीनला जाऊन आला अन फेब्रुवारी १९७२ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः गेले. पडद्यामागं दोन्ही सरकारांनाही बोलायचंच होतं, ते खरं, पण दार उघडलं ते एका बसमध्ये एका माणसानं उठून हात मिळवला म्हणून.

दुसरी टोकियोची. १ ऑगस्ट २०२१, उंच उडी, कतारचा बार्शिम अन इटलीचा तांबेरी दोघंही २.३७ मीटरवर बरोबरीत. पंच म्हणले अजून उड्या मारून निकाल लावा, बार्शिमनं विचारलं दोन गोल्ड देता येतील का, पंच हो म्हणले, अन दोघांनी एकमेकाला मिठी मारली. यावर आमच्या गावात तासभर वाद झाला. अर्धे म्हणले कुस्ती बरोबरीत सोडण्यात काय मजा, अर्धे म्हणले दोघं जुने दोस्त, दोघंही मोठ्या दुखापतीतून उठलेले, वाटून घेतलं तर बिघडलं काय. वाद होऊ द्या, मिटवू नका.

आता पाकिस्तानचं, कारण ते कुणीतरी विचारणारच. माझा सल्ला, पहिल्याच वर्षी पहिल्याच दिवशी भारत-पाकिस्तान सामना लावू नका. माणसं अजून एकमेकाजवळ बसायला शिकलेली नसतात, सामना तापला की दोन गटात बसतात अन आपल्याच गावातल्या एका मोहल्ल्याकडं बघायला लागतात, ज्याचा त्या देशाशी काहीही संबंध नाही. हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो. दुसऱ्या वर्षी लावा, अन त्याआधी चेन्नईचं सांगा: ३१ जानेवारी १९९९, कसोटीत पाकिस्तान १२ धावांनी जिंकला, सचिनचं शतक वाया गेलं, अन चेपॉकवरचं पब्लिक उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवत राहिलं, त्या संघानं मैदानाला फेरी मारली. पॅरिसला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला फेकला, ऑलिंपिक रेकॉर्ड, नीरज ८९.४५ वर, सिल्व्हर. आमच्याकडं मैदान गप्प झालं होतं. दुसऱ्या दिवशी नीरजच्या आईचं बोलणं सगळ्या मोबाईलवर आलं, की गोल्डवालाही आमचंच पोरगं आहे. त्यावर पुरुष काही बोलले नाहीत, पण बायकांनी सकाळी हापशावर एकमेकीला तेच सांगितलं.

खेळानं सगळं मिटतं असं मात्र लेकरांना सांगू नका, ते खोटं आहे अन लेकरं नंतर पकडतात. १९६९ ला एल साल्वादोर अन होंडुरास यांच्यात वर्ल्डकपच्या पात्रता सामन्यांच्या वेळी दंगे झाले अन पुढं खरं युद्ध झालं, मूळ भांडण जमिनीचं अन स्थलांतराचं, सामन्यानं फक्त काडी पडली. १९८० ला अमेरिका अन तिच्या बाजूचे कितीतरी देश मॉस्कोला गेले नाहीत, १९८४ ला रशियावाले लॉस एंजेलिसला आले नाहीत. म्हणूनच माईक, जागा, बसायची पद्धत याला मी एवढं महत्त्व देतो.

बघून झालं की लगेच दुसऱ्या दिवशी लेकरांना मैदानात उतरवा, डोळ्यात असतं तोवर. स्टीपलचेस गावात जमतो. खऱ्या शर्यतीत २८ अडथळे अन ७ पाण्याचे खड्डे, अडथळा पुरुषांना तीन फुटाचा. लेकरांना दीड फुटाच्या वर लावू नका, टायर किंवा गवताचे भारे ठेवा, पाण्यासाठी वीतभर खोल खड्डा अन पलीकडं मऊ माती. खो-खो तर घरचाच. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्डकपला आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातली, संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. पुरुषांची फायनलही नेपाळबरोबर, ५४-३६. त्या स्पर्धेला ब्राझील, पेरू, केनिया, युगांडा, इंग्लंडचे संघ होते, अन ब्राझीलचं माणूस पाठीवर थाप मारून "खो" म्हणतंय हे बघून आमची पोरं येडी झाली. इतके दिवस आपण दुसऱ्याचे खेळ शिकत होतो, आता कुणी आपला शिकायलंय, तेव्हा खो-खोच्या दिवशी प्रत्येक संघाला एक देशाचं नाव द्या, भारत कुणालाच नाही. हरलेल्या संघानं जिंकलेल्याला सुशीला वाढायचं, असं आमच्याकडं ठरलंय.

पॅरिसच्या स्टीपलचेसचं सांगायचं राहिलं. ७ ऑगस्ट २०२४ ची रात्र, फायनल आपल्याकडं १ नंतर. साठ-सत्तर माणसं जागी होती अन लेकरं सतरंजीवर कलंडलेली, त्यांना उठवलं. ज्या पोरीकडं इथिओपिया होता तिनं उभं राहून लामेचा गिर्माची ओळख दिली, जागतिक विक्रम त्याचाच, ७:५२.११. शेवटच्या फेरीत गिर्मा अडथळ्याला अडकून पडला, उठलाच नाही, स्ट्रेचरवरून नेला. ती पोरगी हमसून रडली, अन तिच्याबरोबर बायकांमधून आवाज आला, अगं बाई, त्याच्या आईला कोण सांगंल आता. अविनाश अकरावा आला. मोरोक्कोचा एल बक्काली पहिला, अमेरिकेचा रूक्स दुसरा, अन तिसरा कोण तर अब्राहम किबिवोट. ते म्हातारबाबा मागं खुर्चीवर होते, म्हणले, "त्योच का ह्यो, आपल्या अविनाशच्या म्होरला?" मी हो म्हणलो. म्हणले, "बरं झालं. त्याला बी काहीतरी घावलं."

एक शेवटचं, वह्यांचं. स्पर्धा संपली की वह्या शाळेत जमा करून घेऊ नका. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात, काही लेकरं आईबापाबरोबर जातात, वही त्यांच्या पिशवीत असू द्या. उझबेकिस्तानवाली पोरगी हांगझोऊनंतर कर्नाटकातल्या एका फडावर गेली होती, मार्चमध्ये परत आली तर वहीत चार पानं वाढलेली. शेजारच्या कोपीतल्या (ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या) कानडी पोरींची नावं, त्यांची गावं, अन त्या कबड्डीला काय म्हणत दम धरतात ते.